कडेचा रंग

माझ्या दुकानात मरणाचे तीन रंग मिळतात.
हिरवी कड, वर चंद्रकोर.
काळी, वर क्रूस.
निळी, वर एक पान. कुठल्या झाडाचं,
ते चोवीस वर्षांत मी ठरवलेलं नाही.
फोटो डावीकडे. मजकूर सात ओळी.
तुझ्लात माणूस गेला की दुपारपर्यंत
बसस्टँडसमोरच्या खांबावर लागतो,
आणि येणारेजाणारे आधी कड बघतात,
मग नाव.
काय पुटपुटायचं ते ओठ कड बघूनच ठरवतात.

हसत नाही मी त्यांना.
पाव आणायला निघालेल्या माणसाकडे
दुसऱ्याच्या मरणासाठी
वेळ असतो तो किती.

सोमवारी यासेन्को तेर्झिच गेला.
बहीण आली, आंकित्सा, कोट भिजलेला:
काळी कर. आईनं त्याचा बाप्तिस्मा केला होता
स्वयंपाकघरात, खिडक्या लावून.
तिच्या पाठोपाठ चुलतभाऊ मुनिब:
हिरवी. वडिलांशेजारची जागा त्यानं घेऊन ठेवलीय,
ही बघ पावती.
ग्राट्सहून मुलाचा फोन: निळी.
बाबा कशातच नव्हते.

कशातच नव्हते!
तिन्ही घरचे सण ज्याला
पोट फुटेस्तोवर जेवू घालायचे तो माणूस.

शटर अर्धं ओढलं तेव्हा आली लुकावात्सची एक बाई.
नाव देसांका. कुणी कधी तिच्याबद्दल बोललेलं नाही.
म्हणाली, रंग कुठलाही चालेल.
शोकाकुलांच्या यादीत शेवटी माझं नाव बसेल?
नुसतं नाव. नातं नको.

मी ओळी मोजल्या. सात भरल्या होत्या.

हे गाव मिठावर बसलंय.
खालचं मीठ उपसून विकलं, खाल्लं,
आणि खाल्ल्या मिठाला गाव असं जागलं
की घरं, दुकानं, एक अख्खी गल्ली
त्याच पोकळीत उतरत गेली.
यासेन्को तिपाईवर दुर्बीण लावून
तीस वर्षं ते उतरणं मोजत होता.
लोक विचारायचे, काय रे, खचतंय की थांबलं?
तो विचारायचा, कुठे? कशाच्या मानानं?
लोक म्हणायचे, साधं विचारलं तर सरळ सांगत नाही हा.
मग कुणीतरी म्हणालं थांबलं,
आणि सगळ्यांनी घरांना रंग दिले.

माझ्या दारावर एकदा त्यानं पेन्सिलीनं रेघ मारली.
चला, म्हटलं, आता मलाही कळत जाईल.
तो म्हणाला, वहिदा,
घर खाली गेलं की रेघही जाते घराबरोबर.
तू रोज बघशील, रोज तेवढ्याच उंचीवर दिसेल.
असू दे. झोप लागते त्यानं.

रात्री तिन्ही छापले.
तीन यासेन्को, एकच फोटो,
तोच तिरका टाय.
मग चौथा घेतला, कडेशिवाय.
पडद्यावर आलं: कड निवडा.
काहीच न निवडता पुढे जाता येत नाही.
निळी दाबली, सहावी ओळ बारीक केली,
तिचं नाव घातलं, एकच प्रत काढली
आणि कात्रीनं चारी बाजू कापून टाकल्या.
पानही गेलं त्यात.
कागद हातात एवढासा झाला.

देसांकानं तो वाचला नाही.
दोन घड्या घातल्या,
पर्समध्ये बसच्या तिकिटाशेजारी ठेवला,
पैसे किती विचारलं.
मी सांगितले. तिनं सुटे दिले.

सकाळी खांबावर तिघे शेजारी शेजारी लागले.
एक म्हातारा बराच वेळ उभा होता.
मग त्यानं टोपी काढली,
घातली,
पुन्हा काढली.

दुकान उघडताना मी रेघेला खांदा लावून पाहिला.
तेवढीच आहे.